धुरावरचा की उष्णतेवरचा?

आगीचे अलार्म बसवणारा शिडीवर चढला, तेव्हापासून खाली काकांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. “काका, स्वयंपाकघरात उष्णतेवर वाजणारा लावतो. धुरावरचा लावला, तर पाव करपला तरी बोंबलेल.” “एकटाच बोंबलेल?” “छे! सगळे एकमेकांना जोडलेत. वरच्या मजल्यावरचाही बोंबलणार.” वर मुलगा राहत होता. गच्चीच्या किल्लीवरून भांडण झाल्यापासून बापलेकांत विस्तव जात नव्हता. दारावरून जाताना तो हटकून मोबाइलमध्ये डोकं घालायचा. “मग तो बंद कसा होतो?” “इथला वाजला, तर इथलंच बटण दाबायचं. तुमचा हात नाही पोचणार. वरून दादांना यावं लागेल.” “दर वेळी?” “दर वेळी.” “धुरावरचाच लाव.” “काका, दादा वैतागतील!” “वैतागू दे. माझ्यावरच गेलाय, वैतागल्याशिवाय जागचा हलत नाही.” शिडी बाहेर पडताच काकांनी तव्यावर पाव टाकला, गॅस मोठा केला आणि दाराची कडी काढली.