सांध्यावरचे ठिपके

पीएचडीच्या प्रयोगासाठी दोन सिरॅमिक स्फटिक एकमेकांशी किंचित तिरके ठेवून तिने भट्टीत जोडले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सांध्यावर काळ्या ठिपक्यांची रांग.

"कचरा अडकलाय. पुन्हा कर," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

घरी येऊन तिने सूक्ष्मदर्शकातून काढलेला ठिपक्यांचा फोटो बाबांच्या शिलाई मशीनवर टाकून दिला. बाबांनी चष्मा चढवला आणि हाताच्या सवयीने त्यावर टेप धरली.

"अगं, कचरा असा मोजूनमापून पडतो का? सगळ्या ठिपक्यांत अंतर सारखं आहे."

"मग काय असेल?"

"तुमच्यातलं मला काय कळणार? पण तिरकं कापड जोडताना एका बाजूचं जास्त भरतं. मग मी अशाच सारख्या अंतरावर बारीक चुण्या घेतो."

ती ताडकन उठली. कोनावरून गणित मांडलं. अणूंच्या जास्तीच्या ओळी जिथे संपतात, त्या जागा, म्हणजे डिसलोकेशन, नेमक्या त्या ठिपक्यांइतक्याच अंतरावर येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी गणित दोनदा तपासलं. "हे कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या वडिलांच्या."

"कुठे शिकवतात ते?"

"शिकवत नाहीत, सर. शिवतात."

सरांनी फोटो तिच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "पुढचा फोटो आधी त्यांना दाखव. मला नंतर दाखवलास तरी चालेल."