फक्त खडे

त्याने खडे खुळखुळवत बाटली टेबलावर ठेवली. "बायकोच्या पित्ताशयातले. तपासायला सांगितलंय."

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी सर्जनची चिठ्ठी वाचली. काढलेल्या पिशवीची भिंत जाड होती, कॅन्सरची शंका होती.

"खडे नकोत हो. पिशवी कुठंय?"

"ती नदीत सोडली, हळदकुंकू वाहून. तिच्या अंगातली ना, कचऱ्यात कशी टाकणार? अन् दुखणं तर खड्यांचंच होतं."

बाई बाटली हातात घेऊन तशाच बाहेर आल्या. बाकावर बसून त्याची बायको कागदातली गरम भजी खात होती. कितीतरी महिन्यांनी मिळाली असावीत. बाईंना पाहून ती हसली.

"आता तळकट चालतंय ना, मॅडम?"

"चालतंय," बाई म्हणाल्या.

हातातली बाटली मात्र खुळखुळायची थांबेना.