चौथी खूण

पेन्सिल आज खिशातून काढायचीच नाही, असं ड्रायव्हरआजोबांनी ठरवलं होतं.

समोर एक्स्प्रेस. तिसरीतली पोरगी. पूर्णविरामावर थांबायची नाही, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. दर गुरुवारी एक तास वाचनाचा, शाळेच्या वाचनालयातलं बुटकं टेबल, त्याहून बुटकी खुर्ची. आजोबांचे गुडघे पार छातीशी.

नियम साधा होता. एका पानात तीन चुका माफ. तेवढं जमलं की मूल सुटलं. मग त्याचा गुरुवार हॉलमध्ये, नाटकाच्या तालमीत.

गेले चार गुरुवार एक्स्प्रेसच्या कार्डावर चुकांच्या चार-चार खुणा होत्या.

तीन तिच्या.

चौथी आजोबांची.

निवृत्त झाल्यापासून त्यांचे बाकीचे वार नुसतेच उगवत आणि मावळत. गुरुवारी मात्र ते दाढी करत. बाकीची मुलं सुटली होती; एक्स्प्रेसही सुटली तर तेवढा एक वारही हातचा जाणार, म्हणून ती खोटी खूण. पण मागच्या वेळी हॉलमधून हसण्याचा गलका आला, पोरीने वाचता वाचता तिकडे मान वळवली, आणि आजोबांना लाज वाटली. तीस वर्षं बस चालवली. एकाही उतारूला त्याच्या थांब्यापुढे नेलं नव्हतं.

"हं, सोड गाडी."

"कासव तळ्यातून निघाले." थांबली. "वाटेत मोठा चढ लागला." थांबली.

अख्खं पान संपत आलं. एक चूक नाही. प्रत्येक पूर्णविरामाला ब्रेक. आजोबांची छाती फुगली आणि पुढच्या गुरुवारची रिकामी खुर्ची दिसली, दोन्ही एकदमच.

शेवटचं वाक्य उरलं. पुस्तकात छापलं होतं, 'आणि कासव घरी पोचले.'

एक्स्प्रेसने त्यांच्या खिशाकडे पाहिलं. पेन्सिल तिथेच. मग एकेका शब्दावर बोट ठेवत तिने ठणठणीत आवाजात वाचलं,

"पण. बदक. शाळेत. नाचले."

"अगं!"

"चार झाल्या, आजोबा," ती कुजबुजली. "आज तुम्हाला करायला नको."

आजोबा चष्मा पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"नाटकात बदक झालीस तर सांग," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत बसेन."

"नक्की?"

"दाढी करून."

मग त्यांनी पेन्सिल काढली. उलटी धरली. आणि मागच्या रबराने कार्डावरची चारही गुरुवारांची चौथी खूण खोडून टाकली.