वरच्या ओळीतला लेखक

बाईंच्या पत्राला कार्यवाहांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलाच्या खणात होतं आणि खण उघडायची त्यांची छाती होत नव्हती.

ते टपालाने आलं होतं. परिषदेत कोणाचा निबंध घ्यायचा याचे निकाल सॉफ्टवेअरमधून ईमेलने जात, आणि तळाशी ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ असं छापलेलं असे. ती ओळ आजवर कोणी मनावर घेतली नव्हती. बाईंनी घेतली आणि साधं पाकीट पाठवलं. त्या दूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत. नदीच्या गाळावर काम करत, त्याचा गोषवारा दरवर्षी परिषदेला पाठवत आणि दरवर्षी नकार पदरात घेत. ‘या वर्षी स्वीकारलात,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘आईला कमी ऐकू येतं, म्हणून निकाल मोठ्याने वाचला. तो शेजारपाजारीही ऐकू गेला. रजा मंजूर झाली आहे. मी नक्की येते.’

आणि बाईंचा गोषवारा स्वीकारलेलाच नव्हता.

घोळ कार्यवाहांच्या हातून झाला होता. सॉफ्टवेअरने यादी नीट लावून दिली होती. पण यंत्रावर विश्वास टाकतील तर ते कार्यवाह कसले. त्यांनी यादी बाहेर काढली, तक्त्यात घातली, एकेक नाव बोट ठेवून तपासलं. तपासता तपासता निकालाच्या रकान्यात एक रिकामी चौकट घुसली आणि अख्खा रकाना एक ओळ खाली सरकला. ज्याला त्याला आपल्या वरच्या माणसाचा निकाल गेला.

सकाळीच अध्यक्षांचा फोन आला.

“कार्यवाह, मागच्या वर्षीच्या पारितोषिकवाल्यांना आपण नकार कळवलाय. ते माझ्या नावाने शंख करतायत.”

“असं कसं होईल, साहेब?”

“ते मी तुम्हाला विचारतोय. आणि सॉफ्टवेअर बसवताना तुम्ही ‘चाचणी चाचणी चाचणी’ असा एक गोषवारा भरला होता ना? त्याचं आपण अभिनंदन केलंय. कुठे उतरवायचं त्याला?”

कार्यवाहांनी घाईघाईने तक्ता उघडला आणि ती रिकामी चौकट दिसली.

“संध्याकाळच्या आत दुरुस्तीची पत्रं गेली पाहिजेत,” अध्यक्ष म्हणाले. “आणि दया आली म्हणून एकही जागा वाढवायची नाही. कोणी आपणहून माघार घेतलीच, तर ती कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. मला पुन्हा फोन नको.”

दुपारपर्यंत सगळी पत्रं गेली. फक्त बाईंच्या नावापुढची खूण कार्यवाहांनी काढून ठेवली होती. ‘कळवण्यास खेद होतो’ इथवर ते चारदा आले आणि चारही वेळा कागद चुरगाळला. खेद होतो म्हणे. त्या म्हाताऱ्या आईला आता कोणी, किती मोठ्याने, काय वाचून दाखवायचं? राजीनामा द्यावा असंही मनात आलं; पण राजीनाम्याने बाईंची रजा गोड होणार नव्हती.

पत्नी दारात येऊन उभी राहिली. “अहो, पान वाढलंय केव्हाचं.”

“भूक नाही.”

“सगळे भांडले म्हणून घोळ कळला तरी. तुम्हालाही गेल्या आठवड्यात नेहमीसारखा नकार आला, तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. निवृत्तीआधीची ही शेवटची परिषद. म्हटलं होतं मी, एकदा विचारा.”

“त्यात काय विचारायचं? परीक्षकांना कळतं. मला त्या निबंधाबद्दल शंका होतीच.”

“तुम्हाला कशाबद्दल नसते?” असं म्हणून ती आत गेली.

कार्यवाहांनी बाईंचा गोषवारा उघडला. एका परीक्षकाने ‘उत्तम’ म्हटलं होतं, दुसऱ्याने ‘संदर्भ कमी’. त्यांनी तो सावकाश वाचला. पुराच्या गाळात गावाचं वय शोधणारी ती साधी, स्वच्छ वाक्यं होती. मग बाईंना चुकून गेलेली जागा मुळात कोणाची, हे पाहायला त्यांनी यादीत बाईंच्या वरचं नाव वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. नावापुढे ‘स्वीकृत’ असं होतं.

मग त्या नावापुढचं ‘माघार’ त्यांनी दाबलं. ‘लेखकाची संमती घेतली आहे काय?’ सॉफ्टवेअरने विचारलं. त्यांनी ‘होय’ वर बोट ठेवलं.

मग त्यांनी खण उघडला, कोरा कागद घेतला आणि एका दमात लिहिलं: ‘तुमची जागा पक्की आहे. जमलं तर आईंनाही घेऊन या. पुढच्या रांगेत बसवू, तिथे ऐकू येतं.’

संध्याकाळी पत्नीला घेऊन ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. पाकिटावरचं बाईंचं नाव तिने वाचलं.

“जागा एकही वाढवायची नाही म्हणाले होते ना अध्यक्ष?”

“एकाने माघार घेतली.”

“मिळालेली जागा सोडली? कोण हो हा शहाणा?”

“आहे एक. नकाराची चांगली सवय असलेला,” ते म्हणाले आणि पाकीट पेटीत सोडलं.