शिट्टी

‘शिट्टी-बिट्टी काही येत नाही,’ असं मामांनी एकदा म्हणावं, एवढंच थोरलीला हवं होतं.

मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात ती स्टुलावर अंग चोरून बसली होती. मांडीवर नवी गिटार; तारांचा आवाज उचलणारा तिचा पिकअप बॅटरीवर चालणारा. जुनी, बिनबॅटरीची, भिंतीला टेकून उभी. नवी गिटार फझच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या, पेडलला लावली की कानात सुई टोचावी तशी बारीक शिट्टी येते, असं बँडमधले सगळे सांगत होते. थोरलीला ती एकदाही ऐकू आली नव्हती. ‘तुमच्या कानांचे चोचले!’ म्हणून तिने सगळ्यांना उडवून लावलं होतं.

पण एकटी असली की तिचा धीर सुटायचा. वडिलांचे कान असेच गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग फोनची घंटी, शेवटी लेकींच्या हाका. बँडचे सूर जुळवायचे ते तिनेच. तिच्या कानांवर सगळ्यांची भिस्त होती. शेवटी धाकट्या बहिणीनेच तिला ओढत इथं आणलं होतं.

ॲम्प्लिफायरमधली खरखर घालवणाऱ्या या कारागिराला सगळे खरखरमामाच म्हणत. त्यांनी आधी जुनी गिटार पेडलला जोडली आणि तार छेडली. फाटका, भरदार आवाज दुकानभर घुमला. गिटारवरचं आवाजाचं बटण जरा मागे पिळल्यावर तो निवळला. थोरलीला सगळं नीट ऐकू आलं. तिच्या जिवात जीव आला.

“हिची अन् पेडलची गट्टी आहे,” मामा म्हणाले. “ही बिचारी हळू बोलते, तो सांभाळून घेतो. नवी मात्र बॅटरीच्या जोरावर घसा ताणून येते. पेडल पडला जुन्या वळणाचा. बिथरतो अन् शिट्टी घालतो.”

“घालतोच असं नाही ना, मामा?”

“बघू या की. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

त्यांनी नवी गिटार जोडली. तार छेडली, मग तळव्याने तारा दाबून धरल्या आणि बटण मागे पिळलं. आवाज विरला. दुकानात चिडीचूप झालं. थोरली सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात मामांचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं. धाकटीने दोन्ही कान गच्च दाबले. रस्त्याने जाणारी एक बाई दारात थबकून आत बघू लागली.

थोरलीनेही घाईघाईने कानांवर हात ठेवले.

“आली ना ऐकू?” मामा ओरडले.

“आली तर! फारच कर्कश आहे हो.”

धाकटी तिच्याकडे एकटक बघत होती.

“घाबरू नका, औषध आहे यावर. मध्ये एक छोटी डबी जोडायची. ती गिटारचा जोर उतरवते. पेडलला वाटतं, जुनीच आली. लगेच गप्प बसतो बेटा.” मामांनी गिटार टेबलावर तशीच जोडलेली ठेवली आणि पाठमोरे होऊन ते खणात डबी धुंडाळू लागले.

आता थोरलीला त्यांचे हात दिसेनात. डबी कधी जोडणार, शिट्टी कधी थांबणार, तिला कळणार कसं? भलत्या वेळी बोलले तर बिंग फुटेल, आणि एकदा फुटलं की ते स्वतःपासूनही लपवता येणार नाही. तिने धाकटीच्या चेहऱ्यावर नजर खिळवली.

धाकटीने कानांवरचे हात हळूच खाली घेतले. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ती चक्क हसली.

थोरलीनेही हात खाली घेतले. “हुश्श! थांबली एकदाची.”

“कुठली थांबायला?” मामा एक कान खांद्याला दाबून, खणातला हात खणातच ठेवून ओरडले. “अजून डबीच सापडली नाही मला!”

धाकटी हसतच होती. ते हसू आता चेहऱ्यावरून कसं उतरवायचं, हे तिला कळत नव्हतं.