जनरेटर चालू असताना

वेल्डरनं तिसऱ्यांदा दोरी ओढली तेव्हा कुठं जनरेटर सुरू झाला. पण गाडी वीज घेईना. चार्जरवरचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना. वेल्डर म्हणाला, अर्थिंग नाही म्हणून गाडी घाबरतेय. त्यानं नळाशेजारच्या ओल्या मातीत लोखंडी सळई ठोकली, तिला जनरेटरची वायर बांधली आणि दिवा हिरवा झाला. दुपारपर्यंत जनरेटर परत हवा, एवढं बजावून तो रस्त्यापलीकडच्या आपल्या दुकानात निघून गेला.

रात्रीच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले होते. गाडी चार्जिंगला लावली आणि लगेच वीज गेली. आता संध्याकाळपर्यंत तरी ती येणार नव्हती, आणि सुनेला तर सकाळीच निघायचं होतं. हायवेवरच्या मोठ्या चार्जरपर्यंत पोचण्यापुरती वीज भरली की काम भागणार होतं. पण ती मुंगीच्या पावलानं भरत होती.

सासूबाईंना सगळ्या प्रकाराचं हसू येत होतं. पेट्रोलची कटकट नको म्हणून घेतलेल्या गाडीला शेवटी पेट्रोलच पाजावं लागलं, हे त्यांनी वेल्डरलाही ऐकवलं होतं. मग त्या मटारच्या शेंगांची टोपली घेऊन पायरीवर बसल्या. सून त्यांच्या समोर, गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली.

घरात या दोघीच. तीन वर्षांपूर्वी मुलगा आजारी पडला आणि महिन्याभरात गेला. सून आता किती दिवस राहणार, असं एका नातेवाइकानं तेव्हा विचारलं होतं. ती काही भाडेकरू नाही, असं म्हणून सासूबाईंनी त्याला गप्प केलं. सून चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. सासूबाईंची उमेदीची वर्षं सूतगिरणीत गेली होती आणि तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान मंद केले होते. त्यामुळे सुनेला एक सवय लागली होती. सासूबाईंच्या समोर यायचं आणि मोठ्यानं बोलायचं.

नव्या शाखेत आठवड्याचं प्रशिक्षण आहे, असं तिनं घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. दुसऱ्या शहरात, भिंगं घासण्याच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस तिची वाट पाहत होता. उद्या नोंदणी पद्धतीनं लग्न होतं. गेले दोन महिने ती सासूबाईंना सांगायचं म्हणून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायची, आणि नेमक्या तेव्हा त्या तिच्याच डब्याचं झाकण लावत असायच्या. बोलणं ओठांवर यायचं आणि परत पोटात जायचं.

आता जनरेटरचा नुसता धडधडाट चालला होता. शेजारच्या खिडकीतली बाई कुणाला तरी हाका मारत होती, पण तिचे नुसते हात हलताना दिसत होते. सुनेला वाटलं, निदान एकदा तोंडातून बाहेर तरी पडू दे.

"आई, प्रशिक्षण वगैरे काही नाही," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "उद्या माझं लग्न आहे."

स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. सासूबाईंनी वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली आणि आणखी एक शेंग सोलली.

मग सुनेला धीर आला. तिनं सगळंच बोलून टाकलं. तो माणूस कमी बोलतो, पण भेटला की आधी तुमची चौकशी करतो, हे सांगितलं. हल्ली कधीकधी नवऱ्याचा आवाज आठवत नाही आणि मग अंगावर काटा येतो, हेही सांगितलं. उद्यापासून तुम्ही इथं एकच ताट मांडणार, हे डोळ्यांसमोर आलं की पाय निघत नाही, असंही म्हणाली. डोळे वाहायला लागले तेव्हा तिनं धुराकडे बघून नाक मुरडलं.

सासूबाईंनी टोपली बाजूला ठेवली. गुडघ्यांवर हात टेकत त्या उठल्या आणि त्यांनी जाऊन जनरेटरचं बटण बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं.

"अहो आई, अजून भरली नाही गाडी," सून सवयीनं ओरडून म्हणाली.

"ओरडू नकोस. गिरणीत कुणाला कानानं ऐकू यायचं? आम्ही बायका जन्मभर एकमेकींचे ओठ बघून बोललो."

सून जवळ आली. तिनं माफी मागायला सुरुवात केली, पण सासूबाईंनी ती मागू दिली नाही. कुणीतरी आहे हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. प्रशिक्षणाला जाणारं माणूस आरशासमोर इतका वेळ उभं राहत नाही, असं त्या म्हणाल्या. लग्नाचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. खोटं सांगून निघाली, याचं वाईट वाटलं होतं. तेवढं बोलून त्यांना पुढचं बोलवेना. 

शेवटी त्या जनरेटरकडे वळल्या. बटण चालू केलं, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली. इंजिन गरम होतं, पहिल्याच ओढीला सुरू झालं. अंगण पुन्हा आवाजानं भरून गेलं. सून आपल्याकडेच बघतेय ना, याची त्यांनी खात्री करून घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करत ओठ हलवले.

सुनेला कळलं नाही. तिनं मान हलवून तसं सांगितलं. सासूबाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी तिनं पापणीसुद्धा न लववता पाहिलं आणि तिला सगळं वाचता आलं.

"माहेरपणाला इथंच यायचं."