चेंबर वाचलं

साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मुलाने बुटकी स्पोर्ट्स कार आणली आणि वस्तीसमोरच्या गतिरोधकावर तिच्या इंजिनाचं ऑइल चेंबर फुटलं. चौसाळ्याच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने गाडीखाली वाकून पाहिलं. "चेंबरखाली लोखंडी गार्ड बसवला तर गाडी अजून खाली येईल, दादा. त्यापरीस रस्ताच खाली घ्या."

कारखान्याचा जेसीबी आला आणि गतिरोधक खरवडून गेला.

दुष्काळातला टँकर पुढच्या गावचा, तो या वस्तीला थांबत नव्हता. पण गतिरोधकावर आदळला की झाकणातून पाणी उसळायचं, म्हणून बाया रस्त्याकडेला घमेली मांडून ठेवायच्या. सरूबाईच्या शेळ्या तेवढ्या पाण्यावर तगून होत्या. आज टँकर थेंबही न सांडता निघून गेला.

सरूबाईने घरातून कुदळ आणली आणि गतिरोधक होता तिथेच खणायला सुरुवात केली.

"काहून दमताव, जाऊबाई? ते परत जेसीबी आणत्याल," मुक्ताबाई म्हणाली.

सरूबाईने कपाळाचा घाम पुसला.


"गतिरोधक काढाया आलते. खड्डा बुजवाया कोण येतंय?"